छऱ्याची बंदूक घेताय? आधी या चुका टाळा

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेला नेमबाजीत ब्राँझ मिळालं आणि आमच्या नेमबाजीच्या रेंजवर पालकांची रीघ लागली. चांगलंच झालं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्रातल्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला बहात्तर वर्षं लागली, तेव्हा घरोघरी उत्साह येणारच. पण आलेल्यांपैकी बऱ्याच जणांना 'स्वप्नीलसारखी बंदूक' हवी होती. त्याचा प्रकार ५० मीटर थ्री पोझिशन, म्हणजे गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून मारायचा. त्याला पॉइंट टू टूची स्मॉल बोअर, म्हणजे बारीक नळीची काडतुसाची रायफल लागते आणि तिला परवाना लागतो. तुमच्या मुलाची किंवा मुलीची सुरुवात होणार ती १० मीटर एअर रायफलपासून, शिशाचा ४.५ मिलिमीटरचा छर्रा मारणाऱ्या हवेच्या बंदुकीपासून. यातही नाव काढता येतं. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला जगज्जेता झाला तो याच प्रकारात.

हे समजावून सांगेपर्यंत अर्ध्या लोकांची ऑनलाइन खरेदी उरकलेली असते.

दुकान आधी, रेंज नंतर

खोक्यातून काय काय निघतं ते मी आता न उघडता सांगू शकतो. दुर्बीण, बायपॉड म्हणजे दोन पायांचा टेकू, खांद्याला अडकवायचा पट्टा आणि हिरवा लेझर. १० मीटर एअर रायफल उभं राहून मारायची असते. पट्टा चालत नाही, बायपॉड चालत नाही, दुर्बीणही नाही. म्हणजे रायफल सोडून खोक्यातलं सगळं वाया. त्यात रायफल स्प्रिंगची, म्हणजे आतल्या स्प्रिंगने हवा दाबणारी असेल तर दुर्बीणही फार दिवस टिकत नाही, कारण स्प्रिंग पिस्टनचा धक्का आधी मागे आणि मग पुढे असा दोन्हीकडे बसतो. साध्या दुर्बिणीची आतली भिंगं त्याने ढिली होतात.

आधी रेंजवर या. क्लबची बंदूक धरा, डबाभर छर्रे मारा. हात भरून येतात, कंबर धरते, कंटाळा येतो. एवढं होऊनही पोरगं दुसऱ्या दिवशी स्वतःहून तयार होऊन बसलं, तर खरेदीचं बोलू. आणि पहिल्याच भेटीत 'नॅशनलपर्यंत किती महिने लागतील' असं विचारणाऱ्या पालकांना मी चहा पाजतो आणि विषय बदलतो.

वाढत्या अंगाचं जॅकेट

या एका चुकीने माझं जितकं डोकं फिरतं तितकं दुसऱ्या कशानेच नाही, म्हणून जरा सविस्तर.

शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवायचा ही आपली पिढ्यान् पिढ्यांची रीत. त्यात शहाणपण आहे, नाकारत नाही. पण शूटिंगचं जॅकेट म्हणजे गणवेश नव्हे. जाड कॅनव्हासचं हे जॅकेट पाठीला आणि कमरेला आधार देण्यासाठी असतं. उजव्या हाताने मारणाऱ्याने डावं कोपर डाव्या कमरेच्या हाडावर टेकवायचं, रायफलचं वजन त्या हाडावरून सरळ पायात उतरवायचं आणि पाठ किंचित मागे कलून जॅकेटमध्ये स्थिर करायची, अशी ती सगळी रचना. जॅकेट ढगळ असेल तर पाठ टेकणार कशावर? शिवाय खांद्यावर कापडाची घडी पडते, रायफलचा मागचा बट त्या घडीवर बसतो आणि दर शॉटला घडी नव्या जागी असते.

आमच्याकडे आठवीतला एक मुलगा होता. शांत, चिकाटीचा, टी-शर्टवर सुद्धा नीट मारायचा. वडिलांचं तालुक्याच्या गावी कापडाचं दुकान. त्यांनी मला न विचारता महागडं जॅकेट आणलं, दोन साइज मोठं. "सर, बारावीपर्यंत बघायला नको," असं वर मलाच सांगितलं. मुलगा त्यात उभा राहिला तर बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. आठवडाभरात त्याचा ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरचा छऱ्यांचा पुंजका, पसरला. ढिलाई भरून काढायला तो मागे झुकायला लागला आणि महिन्याभरात कंबर दुखते म्हणून बसून राहू लागला. मी म्हटलं, जॅकेट परत करा. वडिलांनी परत केलं नाही. कापडातला माणूस, त्यांनी ओळखीच्या टेलरकडे नेऊन आतून अस्तर आणि फोमची पट्टी मारून घेतली. अंगाला बसलं एकदम झकास! दोघं बापलेक खूश.

मग आली राज्य पातळीची मॅच. तिथे साहित्य तपासणीच्या टेबलावर जॅकेटची जाडी मापतात. एका थराला जास्तीत जास्त २.५ मिलिमीटर चालते. टेलरच्या पट्टीवर गेज ठेवल्या ठेवल्या जॅकेट बाद झालं. मुलगा रडवेला, वडील अधिकाऱ्यांना बिल दाखवताहेत. शेवटी क्लबचं बटण तुटलेलं जुनं जॅकेट सेफ्टी पिनेने आवळून त्याला रेंजवर उभं केलं. स्कोअर काही खास झाला नाही, पण नव्या जॅकेटमध्ये व्हायचा त्याहून बरा झाला. ते नवं जॅकेट वडिलांनी अजून कपाटात जपून ठेवलंय, मुलगा मोठा होईल म्हणून.

उलट टोकही सांगून ठेवतो. काही जण जॅकेट इतकं आवळतात की श्वास घेणं कठीण. नियमाप्रमाणे बटण लागतं त्याच्याही पुढे जॅकेटच्या दोन बाजू किमान ७० मिलिमीटर एकमेकींवर यायला हव्यात. चिलखत करून घ्याल तर तिथेही बाद.

माझी पद्धत अशी: पहिले काही महिने टी-शर्ट किंवा क्लबचं जॅकेट. नंतर एखाद्या मोठ्या झालेल्या मुलाचं वापरलेलं जॅकेट घ्यायचं आणि बटणं सरकवून बसवायचं. वापरलेलं कॅनव्हास थोडं मऊ पडलेलं असतं, शिकणाऱ्याला तेच बरं. नवीन फक्त ग्लोव्ह घ्या, कारण दुसऱ्याच्या घामाचा ग्लोव्ह कोणालाच नको असतो. बूट आणि ट्राउझर्स नंतर.

दर शॉटला साइट फिरवणं

दुसरी माझी लाडकी चूक. साइट म्हणजे रायफलवरचं नेम धरायचं साधन, तिचे नॉब फिरवले की छर्रा पडायची जागा सरकते. कॉलेजातली मुलं यात पटाईत, आणि त्यातही इंजिनीअरिंगची. रेंजवर डोळे मिटून बसलो तरी मला कळतं कोण आलंय. टक्, मग कट कट कट. एक शॉट, तीन क्लिक. "सर, लेफ्टला जातंय." पुन्हा कट कट. "सर, आता राइटला." रायफल बदलून द्या, छर्रे बदलून द्या, बॅरलच वाकडी आहे, इथपर्यंत गाडी येते.

अरे बाबा, लक्ष्याकडे एकदा बघ. दहाचा ठिपका आहे अर्धा मिलिमीटर. नऊची रिंग साडेपाच मिलिमीटर. आख्खा काळा गोल साडेतीस मिलिमीटरचा. तुझे शॉट त्या काळ्याच्या बाहेर चारी दिशांना पडताहेत आणि तू साइटला अपूर्णांकात फिरवतोयस. साइटने काय करावं?

मी सांगतो तो हिशेब सोपा आहे. सगळे छर्रे एकाच चुकीच्या जागी पडले तर साइट फिरवायची. वेगवेगळ्या जागी पडले तर चूक उभं राहण्यात आहे, साइटला हात लावायचा नाही. आणि पोरं ऐकत नाहीत म्हणून मी साइटच्या दोन्ही नॉबवर वायरमनची काळी चिकटपट्टी गुंडाळतो. ग्रुप दहाच्या आसपास कुठेही, पण एका जागी, बसायला लागला की पट्टी काढतो. एका मुलाने घरी जाऊन ती काढली, दुसऱ्या दिवशी परत लावून आणली आणि वाटलं मला कळणार नाही. पट्टी उलट्या दिशेने गुंडाळलेली होती.

साइट सोडून काय बघायचं? पाय. रायफल खांद्याला लावा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, उघडा. पुढच्या साइटची रिंग लक्ष्याच्या डावीकडे दिसतेय? मग हाताने ढकलून उजवीकडे आणायची नाही, मागचा पाय किंचित हलवून सगळं अंग वळवायचं. हाताने ढकललेली रायफल ट्रिगरच्या क्षणी आपल्या जागी परत जाते, आणि मग म्हणता साइट बिघडली.

पुढच्या रिंगबद्दलही हाच हावरटपणा. नवख्याला वाटतं बारीक रिंग म्हणजे बारीक नेम. काळा गोल रिंगमध्ये कोंबला की जरासं हललं तरी तो कडेला टेकतो, मुलगा घाबरतो आणि 'आत्ता बरोबर आहे' म्हणून ट्रिगर हिसकतो. मोठी रिंग लावा, काळ्याभोवती भरपूर पांढरं दिसू द्या. डोळा आपोआप मध्य शोधतो, त्याला तेवढं कळतं.

आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही तर रायफल खाली. मॅचमध्ये साठ शॉटना पंचाहत्तर मिनिटं असतात, घाई कसली? खाली ठेवायला लाज वाटणाऱ्या मुलांचाच शॉट सातात जातो.

बाकीच्या, थोडक्यात

एक डोळा घट्ट मिटू नका. दुसरा डोळाही दमतो. मागच्या साइटला पांढऱ्या प्लास्टिकचा ब्लाइंडर, म्हणजे दुसऱ्या डोळ्यासमोरचा आडोसा, लावा, उंची ३० मिलिमीटरच्या आत ठेवा. आणि मुळात कोणता डोळा जोरकस आहे ते पहिल्या दिवशी तपासा. डावा निघाला तर डाव्या खांद्यावर शिकवा, आजी काहीही म्हणो.

छर्रे चपट्या डोक्याचे घ्या, साधारण ०.५३ ग्रॅमचे. कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं, मोजायला वाद नाही. टोकदार छर्रे जाहिरातीत छान दिसतात, कागदावर नाही. जमिनीवरचे वेचून पुन्हा वापरणाऱ्याला मी डबा बाजूला ठेवून घरी पाठवतो.

शिसं आहे, हात धुऊनच वडापाव.

स्प्रिंगची बंदूक छर्रा न घालता उडवू नका. समोर छर्ऱ्याची अडवणूक नसली की पिस्टन जोरात आपटतो, सील आणि स्प्रिंग दोन्ही जातात. बॅरल मोडून लोड करताना एक हात बॅरलवर घट्ट असूच द्या. त्या अवस्थेत ट्रिगर दबला तर बॅरल फटकन वर येते आणि बोट मध्ये असेल तर बोट जातं. ट्रिगरचा कोरडा सराव करायचा असेल तर त्याची सोय असलेल्या मॅच रायफलवर, पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून.

बॅरलमध्ये तेल ओतू नका. मशीन म्हटलं की तेल, हे आपल्याकडे शिवणयंत्रापासून चालत आलंय. स्प्रिंग बंदुकीत दाबलेल्या हवेने तेल पेटतं, मोठा आवाज होतो, धूर येतो, आणि मुलांना वाटतं पॉवर वाढली. स्वच्छतेसाठी फेल्टचे छर्रे मिळतात. मी डबा संपला की दोन-तीन मारतो, बस. पावसाळ्यात मात्र बाहेरचं लोखंड रोज कोरड्या फडक्याने पुसा आणि बंदूक फोमच्या बॅगेत बंद करून ठेवू नका. कोल्हापूर असो की कोकण, जुलैमध्ये तो फोम ओल धरून ठेवतो.

घरी सराव करायचा तर लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर, मागे छर्रा खाली वळवणारा तिरक्या पत्र्याचा पेटारा, आणि बाजूने कोणी येईल असं दार असेल तर त्याला कडी. दगडी कंपाउंडवर मारू नका, छर्रा परत येतो. लाकडी फळीवरूनही येतो. गच्चीवरून मोकळ्यावर तर अजिबात नाही, चुकलेला छर्रा शेकडो मीटर जातो. चष्मा हवाच. बॅरलमध्ये रंगीत दोरा, म्हणजे सेफ्टी फ्लॅग, छर्रा भरायच्या क्षणापर्यंत राहू द्या. दुकानातला फ्लॅग हरवला तर गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी चालते.

परवान्याचं विचारतातच सगळे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे बोअर ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठं किंवा शक्ती २० ज्यूलपेक्षा जास्त असेल तर परवाना लागतो. 'जास्त पॉवरवाली दाखवा' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, कागदाला भोक पाडायला जास्त पॉवर लागतच नाही. आणि पोपट, साळुंकी मारून नेम पक्का होत नसतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, तो छऱ्याच्या बंदुकीलाही लागू होतो. असा मुलगा माझ्याकडे नको, त्याचा स्कोअर कितीही असू दे.

शेवटचं, पीसीपी म्हणजे भरलेल्या हवेच्या मॅच रायफलबद्दल. या साधारण २०० बारपर्यंत भरतात. वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन कधीही भरू नका. एवढ्या दाबाचा ऑक्सिजन आणि ग्रीसचा एक थेंब एकत्र आले की स्फोट होतो. हवा डायव्हिंगच्या सिलिंडरमधून किंवा हातपंपानेच भरायची, सावकाश, सिलिंडर तापू न देता. जुनी रायफल घेताना लाकूड आणि बॅरल बघण्याआधी सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. मॅच रायफलच्या सिलिंडरला बहुतेक कंपन्या दहा वर्षांची मुदत देतात आणि मुदत संपलेला सिलिंडर घेऊन मॅचला गेलात तर जबाबदारी तुमची. स्वस्तात मिळालेल्या रायफलीवर नवा सिलिंडर बसवायचा खर्च आधी विचारून घ्या, मग स्वस्त म्हणा.