घरातली धूळ हटत नाही? खान्देशच्या उन्हाळ्यात या चुका टाळा

मार्च उलटला की जळगाव-धुळ्याकडे सकाळी पुसलेल्या टीव्हीवर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं. नांगरून तापत पडलेली काळी वावरं, कोरडी नदीपात्रं, कुठे ना कुठे खणून ठेवलेला रस्ता आणि दुपारचा वारा. त्यात धूळ शून्यावर आणायचं स्वप्न कुणी पाहू नये. पण दिवसातून तीनदा झाडूनही घर तसंच राहत असेल, तर गडबड बहुतेक झाडण्याच्या पद्धतीत किंवा हवेच्या वाटेत असते.

धूळ कुठून येते ते न बघताच झाडू उचलणं

स्टीलची दोन ताटं पुसून कोरडी करा. एक रस्त्याकडच्या खिडकीत ठेवा, दुसरं आतल्या खोलीत कपाटावर. दुसऱ्या दिवशी बोट फिरवा. खिडकीतलं ताट खरखरीत आणि आतलं जवळपास स्वच्छ असेल, तर धूळ बाहेरची. फटी आणि दारं बघा. दोन्ही सारखीच माखली असतील, तर घरातच काहीतरी झडतंय. पांढरी भुकटी म्हणजे भिंतीचा चुना किंवा जुना डिस्टेंपर. मऊ, कापसासारखे पुंजके म्हणजे गाद्या, गोधड्या, कपडे. जिनिंगजवळ राहत असाल तर हंगामात खरोखरचा कापूसही. बोटाला चिकटणारी काळपट धूळ स्वयंपाकघराच्या आसपासची, तेलाच्या वाफेत कालवलेली. ती कोरड्या फडक्यानं कधीच निघत नाही. कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण लागतो.

धाब्याच्या, म्हणजे मातीच्या छताच्या, घराचं गणित वेगळं. तिथे माती वरूनच गळते. छताखाली ताडपत्री किंवा जाड कापड ताणून बांधणं हाच उपाय, आणि ते कापड वर्षातून एकदा उतरवून बाहेर झटकायचं. ताणून बांधलं नाही तर मधोमध मातीचं पोट सुटतं आणि एक दिवस सगळं अंगावर येतं.

कूलर

यावर जरा थांबतो, कारण आपल्याकडे चार महिने घरातली हवा कूलरच ठरवतो. कूलर बाहेरची हवा ओढून आत टाकतो. ताट्या, म्हणजे त्याच्या बाजूंचे गवताचे पडदे, ओल्या असल्या तर बरीचशी धूळ त्यांच्यात अडकते आणि पाण्याबरोबर टाकीत उतरते. कोरड्या असल्या तर तो चक्क धूळ फेकणारा पंखा होतो. तरी बहुतेक घरांत पंखा आणि पाण्याची मोटर एकदमच चालू करतात. आधी मोटर लावा, ताट्या खालपर्यंत भिजू द्या, मग पंखा. रात्री गारवा वाढला म्हणून मोटर बंद करून नुसता पंखा पहाटेपर्यंत चालवणं ही त्याच चुकीची धाकटी बहीण.

दुसरं म्हणजे ताट्यांमधली भोकं. बोअरच्या जड पाण्यानं गवतावर क्षार चढतो, ते कडक होऊन खाली दबतं आणि वरच्या बाजूला फट पडते. हवा सोपी वाट शोधते, त्यामुळे सगळी धूळ त्या फटीतून येते. गवत पसरून भरा किंवा दरवर्षी बदला. टाकीतला गाळ आठवड्याला काढा; तळाशी साचलेला चिखल पाहिला की एरवी तो कुठे गेला असता ते कळतं. डासांचाही बंदोबस्त होतो.

कूलर चालू असताना समोरच्या बाजूची एखादी खिडकी उघडी हवीच, नाहीतर दमटपणा साचतो. पण ती रस्त्याकडची नको, परसाकडची असू द्या.

अशीच गोष्ट स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट पंख्याची. सगळी दारं-खिडक्या लावून तो चालू केला की बाहेर गेलेल्या हवेची भरपाई कुठून होणार? पुढच्या दाराखालच्या फटीतून. म्हणजे रस्त्याची धूळ आपणच खेचून घेतो. स्वयंपाकघराचीच खिडकी थोडी उघडा आणि पुढच्या दाराला खालून रबराची पट्टी लावा. पट्टी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, नसेल तर जुन्या चादरीची वळकटी चालते.

कोरडा झाडू, आणि तोही भर दुपारी

कोरड्या झाडूनं कचरा गोळा होतो, बारीक धूळ मात्र उडते. 10 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण काही मिनिटांत खाली बसतो. 1 मायक्रॉनचा स्थिर हवेतही कित्येक तास तरंगतो. पंखा चालू ठेवून झाडलं तर बोलायलाच नको. पंखा बंद करा, फडका किंवा पोछा पिळून घ्या आणि तेच आधी फिरवा. निथळता पोछा नको. काळी माती पाण्यानं चिकट होते, फरशीवर पट्टे उठतात आणि वाळल्यावर पुन्हा पीठ होऊन उडते. पाणी गढूळ दिसलं की बदला. एका बादलीत चार खोल्या पुसणं म्हणजे पहिल्या खोलीची माती चौथीत नेणं.

सुरुवात वरून: जळमटं, पंख्याची पाती, कपाटाचा माथा, शेवटी फरशी. पात्यावर जुना उशीचा अभ्रा चढवून ओढला की धूळ अभ्र्यातच राहते. वेळ म्हणाल तर वारा पडल्यानंतरची. दिवेलागणीनंतर झाडू नये असं आजी म्हणत असेल, तर पुसायला तिची हरकत नसते.

वाळवण आणि गाद्या

बिबडे, कुरडया, नागलीचे पापड गच्चीवर घातले की वरून पातळ सुती कापड हवंच, आणि त्याच्या कडांना वजन. गहू गच्चीवर चाळा, ओट्यावर नको. त्याची भुसकट आठवडाभर घरात फिरते.

गाद्या मात्र उन्हात टाकायला विसरतो. धुळीतले सूक्ष्म किडे दमट हवेत वाढतात. त्यामुळे उन्हाळ्यातली शिंक बहुधा मातीची आणि पावसाळ्यातली अंथरुणाची. एप्रिलच्या कडक उन्हात गाद्या दोन्ही बाजूंनी तापवा; चादरी-अभ्रे 60 अंशांच्या गरम पाण्यात धुतले तर ते किडे मरतात. घरात दम्याचं माणूस असेल तर झटकाझटकीच्या वेळी त्याला दुसऱ्या खोलीत बसवा आणि नंतर तासभर तिकडे येऊ देऊ नका.

श्रावणातल्या कानबाईच्या सणाआधी घराला रंग देणार असाल तर रंगाऱ्याला भिंत ओली करून घासायला सांगा. तो कुरकुरेल, कारण वेळ लागतो. पण कोरड्या घासकामाची पांढरी भुकटी पुढे दिवाळीपर्यंत कप्प्याकप्प्यात सापडत राहते, आणि हाताला लागणारा स्वस्त डिस्टेंपर पुन्हा मारला तर पुढच्या वर्षीही तीच भुकटी झडायला लागते. धुता येणारा रंग थोडा महाग पडतो, तोच घ्या.