मृगाआधी घरातल्या खुणा बघा
मे सरत आला की सकाळी चिमूटभर मीठ बोटांत चोळून बघा. मोकळं सुटण्याऐवजी चिकटलं, तर हवेत ओल वाढलीय. पापड-कुरडया, डाळी लगेच उन्हं दाखवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. जूनमध्ये लिंबोळ्या पिवळ्या होऊन अंगणात पडायला लागतात. वेचून, गर काढून सावलीत वाळवा, फवारणीच्या ५ टक्के अर्काला कामी येतात. दिव्याभोवती पंखाची वाळवी जमली तर दिवा मालवा आणि दाराच्या चौकटी तपासा.

या खुणा घरापुरत्याच, पेरणीसाठी नाहीत बरं का. मृग ७-८ जूनला लागतो, पण एखाद्या सरीवर भुलू नका. आपल्या मराठवाड्यात ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच चाड्यावर मूठ धरा, नाहीतर बियाणं-खताचा खर्च दुबार अंगावर येतो.