आजारी मांजर खात नसेल तर घरी काय करायचं, किती आणि कधीपर्यंत

मांजराने खाणं सोडलं की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "राहू दे, भूक लागली की खाईल." मांजराच्या बाबतीत हा सल्ला धोक्याचा आहे. उपाशी मांजराचं शरीर साठवलेली चरबी मोडून यकृताकडे पाठवतं, पण एवढी चरबी एकदम पचवण्याची ताकद त्या यकृतात नसते. चरबी तिथेच साचते, यकृत नीट काम करेनासं होतं, मळमळ वाढते आणि मळमळीमुळे मांजर अन्नाकडे बघतही नाही. याला हिपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. लठ्ठ मांजरात दोन-तीन दिवसांच्या उपासानंतरही हे सुरू होऊ शकतं. मूळ दुखणं साधं असतं, सर्दी किंवा दुखरा दात, पण उपासानेच जिवावर बेततं. कानाची आतली बाजू, हिरड्या किंवा डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर दिसायला लागला तर हा टप्पा आलेला असू शकतो.

म्हणून वेळेचा हिशोब पक्का ठेवा. मोठ्या मांजराने २४ तास काहीच खाल्लं नाही तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. नेहमीच्या निम्म्याहून कमी खाणं दोन-तीन दिवस चाललं असेल तरीही तेच. दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला एवढी मुभा नसते. त्याच्या अंगात साखरेचा साठा फार थोडा असतो, त्यामुळे सात-आठ तास न खाल्लेलं पिल्लू गार आणि सुस्त पडू शकतं. अशा पिल्लाच्या हिरड्यांना मध किंवा साखरेचं घट्ट पाणी बोटाने चोळा, फडक्यात गुंडाळून ऊब द्या आणि निघा. सुस्त पिल्लाच्या तोंडात काही ओतू नका.

घरी काही करून बघण्याआधी

खालीलपैकी काहीही दिसलं तर खाऊ घालण्याच्या खटपटीत वेळ घालवायचा नाही. बोका लिटरमध्ये (शी-लघवीच्या ट्रेमध्ये) वारंवार बसतो, जोर करतो, पण लघवी येत नाही किंवा थेंबथेंब येते: मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो आणि त्यात एक-दोन दिवसांत जीव जातो. मांजर तोंड उघडं ठेवून श्वास घेतंय. उलट्या थांबत नाहीत. हिरड्या पांढऱ्या, निळसर किंवा तपकिरी झाल्यात. घरात लिलियमच्या फुलांचा गुच्छ आहे आणि मांजर त्याच्याजवळ गेलं होतं: लिलीचं पान, फूल, नुसता परागही मांजराची मूत्रपिंडं निकामी करतो.

दोऱ्याकडे विशेष लक्ष द्या. आपल्या घरांत हार, गजरे, निर्माल्य, शिवणाचं सामान, संक्रांतीचा मांजा असं खूप काही असतं आणि मांजरं दोरा गिळतात. दोऱ्याचं एक टोक जिभेखाली अडकतं आणि दुसरं आतड्यात जातं. तोंड उघडून जिभेखाली बघा. दोरा तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसला तर ओढू नका, आतडं चिरतं. तसाच ठेवून दवाखाना गाठा.

माणसांची औषधं अजिबात नाहीत. क्रोसिन, डोलो यांतलं पॅरासिटामॉल पचवण्याची यंत्रणाच मांजरात जवळपास नाही. एक गोळी मांजराला मारायला पुरते. आयब्युप्रोफेनही तितकंच वाईट.

पुण्यात बरेच खाजगी दवाखाने सकाळ-संध्याकाळ चालतात आणि दुपारी बंद असतात, म्हणून रात्री किंवा रविवारी कोण बघतं हे आजार नसतानाच विचारून ठेवा. पेठांत राहणाऱ्यांनी गणेशोत्सवाचा विचार आधी करावा. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी, टिळक, केळकर, कुमठेकर रस्ते मिरवणुकीसाठी बंद असतात आणि मांजराची पेटी घेऊन त्या गर्दीतून जाणं अवघड असतं. चालू औषधं आणि खास डबे आदल्या दिवशीच आणून ठेवा. ढोल-ताशा आणि दिवाळीचे फटाके यांनीही घाबरलेलं मांजर एखादं जेवण सोडतं. तेव्हा आतली शांत खोली, पडदे ओढलेले, लपायला खोकं एवढं पुरतं, पण २४ तासांची मर्यादा तीच राहते.

का खात नाही, हे ओळखायचं कसं

भूक नसणं आणि खाता न येणं यात फरक आहे. मांजर ताटलीपाशी येतं, वास घेतं, एखादा घास उचलतं आणि टाकतं, मान एका बाजूला करून चावतं किंवा पंजा तोंडावर मारतं, तर तोंड दुखतंय. दात, हिरड्यांची सूज किंवा कॅलिसी विषाणूमुळे जिभेवर आलेले फोड ही नेहमीची कारणं. ताटली दिसताच ओठ चाटणं, आवंढे गिळणं, लाळ, तोंड फिरवून निघून जाणं ही मळमळीची खूण. मूत्रपिंडाचा आजार, स्वादुपिंडाची सूज, यकृत यांत हे दिसतं. नाक वाहतंय किंवा चोंदलंय, तर वास येत नाही, आणि वास आल्याशिवाय मांजर खात नाही. लस न घेतलेलं पिल्लू, उलट्या, जुलाब आणि ताप हे एकत्र असेल तर पॅनल्यूकोपेनियाची (मांजरांच्या जीवघेण्या, संसर्गजन्य विषाणू आजाराची) शंका घ्या. त्याला घरातल्या बाकी मांजरांपासून लगेच वेगळं करा आणि फोनवर तसं सांगूनच दवाखान्यात न्या.

डॉक्टरांना सांगायला चार गोष्टी तयार ठेवा: शेवटचं पूर्ण जेवण कधी, शेवटची लघवी कधी, उलट्या किती आणि कशा, आजचं वजन. वजनासाठी प्रवासी बॅगेचा हुकवाला काटा छान चालतो. पेटीसकट मोजा आणि रिकाम्या पेटीचं वजन वजा करा. चार किलोच्या मांजराचं ४०० ग्रॅम घटणं म्हणजे दहा टक्के, आणि ते गंभीर आहे. झोपेतला श्वासही मोजा; मिनिटाला ३० च्या आत असायला हवा. हिरडी बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हावी. हिरडी चिकट आणि कोरडी लागत असेल तर अंगातलं पाणी कमी झालंय, आणि अशा मांजराला आधी सलाईन लागतं, मग अन्न.

भूक चाळवणं

मळमळ आणि दुखणं यांवर औषध सुरू झाल्यावरच याचा उपयोग. मळमळत असताना आवडीचं खाणं पुढे करत राहिलात तर मांजर त्या वासाची सांगड आजाराशी घालतं आणि बरं झाल्यावरही ते खात नाही. याच कारणाने कडू औषध कधीही आवडत्या अन्नात कालवू नका. नको असलेली ताटली दहा-पंधरा मिनिटांत उचला.

नाक चोंदलं असेल तर मेडिकलमधल्या नॉर्मल सलाईनमध्ये कापूस भिजवून नाकपुड्यांवरचा पापुद्रा मऊ करून पुसा. मग गरम पाण्याचा शॉवर सोडून वाफ धरलेल्या बाथरूममध्ये दहा मिनिटं मांजराला घेऊन बसा. वाफेच्या पाण्यात निलगिरी, विक्स, बाम काही घालू नका. ही तेलं मांजराला विषारी आहेत.

अन्न अंगाएवढं कोमट हवं. ओल्या अन्नाचं पाऊच पाच मिनिटं गरम पाण्याच्या वाटीत ठेवा, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. ताटली पसरट घ्या आणि लिटरपासून लांब ठेवा. एका वेळी चमचाभरच वाढा. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात ओलं अन्न अर्ध्या तासाच्या वर बाहेर ठेवू नका.

दूध-पोळी आणि दही-भात ही आपल्याकडची मांजरांची पारंपरिक जेवणं, पण आजारात त्यांचा उपयोग नाही. मांजर पूर्ण मांसाहारी आहे. टॉरिन हे अमिनो आम्ल त्याला अन्नातूनच लागतं आणि ते पोळी-भातात नसतं. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होऊन उरलंसुरलं पाणीही जातं. सेरेलॅकचंही तेच, पिष्ट जास्त आणि प्रथिनं कमी. हाड नसलेलं चिकन मीठ, हळद, कांदा, लसूण न घालता उकडा. कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात, त्यामुळे आपल्यासाठी केलेल्या रश्श्यातला तुकडा धुऊनही नको. सुक्या बोंबलाचा किंवा जवळ्याचा चिमूटभर चुरा वरून भुरभुरला तर वासाने मांजर ताटलीकडे वळतं. मात्र त्यात मीठ फार असतं. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर टाळा. उकडलेलं चिकन चार-पाच दिवसांची सोय आहे. त्यात पुरेसं कॅल्शियम नाही, कायमचं जेवण होऊ शकत नाही.

मिर्टाझापीनसारखी भूक वाढवणारी गोळी डॉक्टर देतात. तिचा डोस मांजरासाठी अगदी लहान असतो आणि मूत्रपिंडाच्या रुग्णात दोन डोसांतलं अंतर वाढवावं लागतं. जास्त झाली तर मांजर रात्रभर ओरडत फिरतं. मेडिकलमधून स्वतः आणून देऊ नका.

सिरिंजने भरवणं

आधी गणित. दिवसाची किमान गरज, दोन किलोच्या वरच्या मांजरासाठी: वजन गुणिले ३०, अधिक ७०. चार किलोच्या मांजराला १९० कॅलरी. दोन-चार दिवस उपाशी असलेल्याला पहिल्याच दिवशी पूर्ण देऊ नका. रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम एकदम खाली येऊन मांजर कोसळू शकतं. पहिल्या दिवशी एक तृतीयांश, दुसऱ्या दिवशी दोन तृतीयांश, तिसऱ्या दिवशी पूर्ण.

डॉक्टरांकडे मिळणारा रिकव्हरी प्रकारचा डबा (आजारी मांजरांसाठीचं मऊ, तयार अन्न) सगळ्यात सोयीचा. त्यावर कॅलरी छापलेल्या असतात. तो मिळेपर्यंत १०० ग्रॅम उकडलेलं चिकन आणि त्याचंच १०० मिली पाणी मिक्सरमध्ये अगदी गुळगुळीत करा आणि चहाच्या गाळणीतून गाळा. न गाळलेला एक धागा सिरिंजचं तोंड बंद करतो, मग जोर लावताना सगळं एकदम घशात जातं. या पेजेच्या एका मिलीत साधारण ०.८ कॅलरी. म्हणजे चार किलोच्या मांजराला पहिल्या दिवशी सुमारे ८० मिली, सहा वेळांत विभागून, आणि तिसऱ्या दिवशी २४० मिली, प्रत्येक वेळी ४०. एका वेळी किलोमागे १० मिलीच्या वर जाऊ नका, उलटी होते. फ्रीजमध्ये ठेवलेली पेज २४ तासांत संपवा.

सुई नसलेली पाच मिलीची सिरिंज घ्या. रबराचा दट्ट्या दोन-तीन दिवसांत अडकायला लागतो. मग ती फेकून नवी घ्या.

मांजराला टर्किश टॉवेलमध्ये गुंडाळून, पाठ तुमच्याकडे करून मांडीवर किंवा टेबलावर बसवा. पोटावर बसलेलं, मान सरळ. डोकं मागे वाकवायचं नाही. तसं केलं की अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. सिरिंज सुळ्याच्या मागच्या फटीतून गालाच्या बाजूने घाला, टोक जिभेवर आडवं राहू दे, सरळ घशाकडे नको. अर्धा ते एक मिली सोडा. गिळलेलं दिसलं की पुढचं. घाई इथेच नडते. खोकला आला, नाकातून पेज आली, श्वास घरघरला तर लगेच थांबा, डोकं खाली झुकू द्या. श्वास जलद राहिला तर दवाखाना. संपल्यावर हनुवटी कोमट ओल्या फडक्याने पुसा, वाळलेली पेज कातडी लाल करते.

अर्धवट शुद्धीतलं, श्वासाला त्रास असलेलं किंवा उलट्या चालू असलेलं मांजर सिरिंजने भरवायचं नाही.

गोळी दिल्यावर पाच मिली पाणी किंवा पेज नक्की द्या. सर्दीसाठी नेहमी लिहून दिली जाणारी डॉक्सीसायक्लीन कोरडी दिली तर अन्ननलिकेत चिकटते, तिथे जखम होते, पुढे नळी आकसते. मग मांजर खात नाही आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

एका कागदावर वेळ, मिली, उलटी, लघवी, शी, वजन लिहीत राहा. "थोडं चाटलं" असं लिहू नका, मिली लिहा. चाटण्यावर समाधान मानल्यानेच दिवस निघून जातात. खाणं कमी असताना दोन दिवस शी न होणं चालतं. दिवसभर लघवी नसणं चालत नाही.

नळीला घाबरू नका

दोन दिवस नीट प्रयत्न करूनही ठरलेल्या कॅलरी जात नसतील, किंवा मांजर सिरिंज दिसताच पलंगाखाली पळत असेल, तर डॉक्टरांकडे नळीचा विषय तुम्हीच काढा. नाकातून घातलेली बारीक नळी थोड्या दिवसांसाठी असते, तिच्यातून पातळ द्रवच जातो. मानेतून अन्ननलिकेत घातलेल्या नळीला थोडा वेळ भूल लागते, पण ती आठवडेच्या आठवडे राहते, औषधंही तिच्यातूनच जातात आणि मांजर नळीसकट तोंडाने खाऊ शकतं. लिपिडोसिस झालेली मांजरं वाचतात ती बहुतेक अशा नळीने, चार-सहा आठवडे भरवून. बघायला ही नळी भीती घालते, तरी दिवसातून सहा वेळा टॉवेलमध्ये धरून ठेवण्यापेक्षा मांजराला तीच सोपी. शेवटचा उपाय म्हणून ती लांबणीवर टाकली की भूल सहन करण्याची ताकदच उरत नाही.

नळी वापरताना आधी पाच मिली कोमट पाणी सोडा. खोकला आला नाही तर पेज हळूहळू, दहा-पंधरा मिनिटांत. शेवटी पुन्हा पाच ते दहा मिली पाणी, नाहीतर नळी तुंबते. मानेवरचं छिद्र रोज सलाईनने पुसा. पू किंवा सूज दिसली तर दाखवा.

मांजर स्वतः खायला लागलं तरी भरवणं एकदम बंद करू नका. प्रत्येक वेळी आधी ताटली समोर ठेवा, उरलेल्या कॅलरी सिरिंजने किंवा नळीने द्या. दिवसाच्या दोन तृतीयांश कॅलरी सलग तीन दिवस स्वतःहून खाल्ल्या आणि वजन घटलं नाही की भरवणं थांबवा. त्यानंतर महिनाभर आठवड्यातून दोनदा काट्यावर घ्या, आणि पुन्हा १०० ग्रॅम जरी कमी दिसले तरी त्याच दिवशी दाखवा.