लॉजवर आधारची झेरॉक्स देताना पूर्ण नंबर देऊ नका

अंबाबाईच्या दर्शनाला पाहुणे आले की महाद्वार रोडच्या आसपास खोली बघायची आणि काउंटरवर सगळ्यांच्या आधारच्या झेरॉक्स द्यायच्या, हे ठरलेलंच. त्या कागदांचं पुढे काय होतं, कोण विचारतो? परवा मावशींच्या घरच्यांसाठी मी 'मास्क्ड आधार' काढून दिलं. त्यावर नंबराचे शेवटचे 4 आकडेच दिसतात. नाव, फोटो, क्यूआर कोड सगळं असतं.

1. 'माय आधार' या सरकारी वेबसाइटवर आधार नंबर आणि ओटीपी टाकून लॉगिन करा. मोबाइल नंबर आधारला जोडलेला हवा.
2. 'डाउनलोड आधार'वर जा आणि मास्क्ड आधारच्या चौकटीत टिक करा. घाईत हीच टिक करायची राहून जाते आणि पूर्ण नंबराची फाइल उतरते.
3. पीडीएफचा पासवर्ड: नावाची पहिली 4 इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये, लगेच पुढे जन्मवर्ष.
4. फाइल मोबाइलमध्येच ठेवा, लागेल तेव्हा प्रिंट काढा.

आमच्या मावशींना पासवर्डाने दमवलं, कारण आधारवरचं नाव आणि रोजचं नाव वेगळं. कार्डावर इंग्रजीत जसं छापलंय तसंच टाका.

एक मात्र सांभाळा. बिंदू चौकात किंवा कुठेही दुकानातल्या कॉम्प्युटरवर फाइल उतरवली, तर निघण्याआधी लॉगआउट करा, फाइल डाउनलोड फोल्डरमधून आणि रिसायकल बिनमधूनही स्वतः पुसा. आणि ओटीपी दुकानदाराला सांगू नका, स्वतःच्या हाताने टाका.