बिडी-सिगारेट सोडताना मदत घेताय? मग या चुका टाळा

“मनावर घेतलं की सुटते.” सोलापुरात हे इतक्यांदा ऐकलंय की त्याचा राग येतो. माझे मामा पूर्व भागात टॉवेलच्या मागावर कामाला. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत सिद्धेश्वरासमोर त्यांनी तीन वर्षं लागोपाठ बिडी सोडायची शपथ घेतली. एकदाही आठवडा निघाला नाही. मन कच्चं नव्हतं, माणूस एकटा पडला होता. पहिले दोन-तीन दिवस शरीर निकोटिन मागतं, चिडचिड होते, झोप उडते. तेव्हा नुसती शपथ पुरत नाही.

चौथ्या वेळी त्यांनी निकोटिनचा गम आणला आणि चॉकलेटसारखा कचाकचा चावला, वर चहा प्यायले. उचक्या लागल्या, घशाशी आलं. “आपल्याला सोसत नाही” म्हणून पाकीट कपाटात गेलं. ही चूक सर्रास होते. गम हळू चावायचा. तोंडात चुरचुरलं की गाल आणि हिरडीमध्ये दाबून ठेवायचा, चव गेली की पुन्हा चावायचा, असा सुमारे अर्धा तास. पंधरा मिनिटं आधी आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबू सरबत नको, कारण आंबट तोंडात निकोटिन नीट शोषलं जात नाही.

कमी ताकदीचा गम घेणं ही दुसरी चूक. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली पेटवणाऱ्याला सहसा 4 मिलिग्रॅमचा लागतो, इतरांना 2 चा. अंगावर चिकटवायचा निकोटिनचा पॅच आणि गम एकत्र वापरायला लोक घाबरतात, पण ही जोडी एकट्या उपायापेक्षा जास्त उपयोगी पडते. बरं वाटलं म्हणून दोन आठवड्यांत बंद करू नका, बारा आठवडे धरून चाला. तलफ कमी करणाऱ्या व्हॅरेनिक्लिनसारख्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच, आणि सोडायच्या तारखेच्या साधारण आठवडाभर आधी सुरू करायच्या. हृदयाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर काहीही घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

औषध शरीराची मागणी भागवतं. हाताची सवय आणि जेवणानंतरची ती वेळ मात्र माणसाच्या आधारानेच निभावते. बिडी-सिगारेटच्या पाकिटावर छापलेला 1800-11-2356 हा समुपदेशकांचा मोफत क्रमांक त्यासाठीच आहे. लोक एकदा फोन करतात आणि पुढे तिकडून आलेला उचलतच नाहीत. तो उचला.

घरच्यांची चूक मला सगळ्यात जास्त टोचते. मामी खिसे तपासायची, तोंडाचा वास घ्यायची. मामा बाहेर जाऊन ओढायचे, एवढाच फरक. त्यात मामी स्वतः घरी बिड्या वळते. तेंदूपत्ता आणि तंबाखूचं सूप समोरच, आणि त्यावरच घर चालतं, ते फेकणार कसं? शेवटी मामा कामावरून यायच्या वेळी ती सूप उचलून शेजारणीच्या ओट्यावर बसायला लागली. खिसे तपासणं बंद झालं. त्याऐवजी “अहो, आज कधी जास्त तलफ आली?” एवढंच विचारायची.

कट्ट्यावरच्या मित्रांनाही आधीच सांगून ठेवा. बिडीऐवजी तंबाखू-सुपारीचा मावा धरणं म्हणजे सोडणं नव्हे. निकोटिन तेच, वर तोंडाच्या कॅन्सरची भीती.

आणि एक ओढली म्हणून गम-पॅच टाकून देऊ नका. भाच्याच्या लग्नात मामांनी एक ओढली. दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा त्यांनी खरं सांगितलं. समुपदेशकाने ओरडण्याऐवजी विचारलं, “तेव्हा गम खिशात होता का?” नव्हता. तेव्हापासून शर्टाच्या खिशात दोन गम असतातच.