मराठवाड्यातून मुंबईत आलेल्यांसाठी: डोंगरात न्यायचं पावसाळी जॅकेट

मे संपत आला की लातूर, परभणी, नांदेडकडून नोकरीला आलेली आमच्या भागातली पोरं-पोरी विचारू लागतात, "पहिल्या पावसात राजमाचीला जायचंय, रेनकोट कोणता घेऊ?" डोंबिवलीत राहून मला बरीच वर्षं झाली. दर पावसाळ्यात तीच खरेदी होते आणि तसेच पैसे वाया जातात. माझा जीव त्यात अडकतो, कारण हे पैसे पहिल्यादुसऱ्या पगाराचे असतात. म्हणून सगळं एकदाच लिहून काढतो.

आधी इथला पाऊस समजून घ्या. आपल्याकडे मराठवाड्यात वर्षभरात सरासरी ७००-७५० मिलिमीटर पाऊस पडतो. सांताक्रूझला एकट्या जुलैत त्याहून जास्त पडतो, आणि २६ जुलै २००५ला तर तिथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर नोंदला गेला. हा झाला किनाऱ्याचा आकडा. घाटमाथ्यावर एरवी किनाऱ्याहून जास्त कोसळतो. आपल्याकडे सर आली की पोत्याची खोळ डोक्यावर घ्यायची, बाभळीखाली थांबायचं, तासाभरात ऊन पडतं आणि कपडे अंगावरच सुकतात. इथे तसं ऊन आठ-आठ दिवस पडत नाही. कड्यावर वारा इतका असतो की पाऊस आडवा येतो, कधी कधी दरीतून वर उडतो. छत्री स्टेशनपर्यंत ठीक. डोंगरात तिचा विचारही करू नका.

ऑफिसमधले मुंबईकर मित्र सांगतील, "अरे भिजायलाच तर जायचं, जॅकेट कशाला?" माणसं चांगली आहेत. लोकलमध्ये तुमची सॅक मांडीवर घेतील, वाटेत डबा तुमच्यापुढे करतील. पण हा सल्ला त्यांच्या एका दिवसाच्या ट्रेकचा आहे. संध्याकाळी कर्जतहून गाडी पकडून ते घरी कोरडे होतात. तुम्ही पाठीवर सामान घेऊन हरिश्चंद्रगडावर किंवा रतनगडावर मुक्कामाला जाणार असाल, तर ओल्या अंगावर रात्रभर वारा झेलावा लागतो. दर १,००० मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे किनाऱ्यावर २६ अंश असताना वर पंधराच्या आसपास. त्यात भिजलेलं अंग आणि वारा. हातपाय थरथरायला लागतात, बोलणं जड होतं, माणूस गप्प बसून राहतो. असं कोणाला झालेलं दिसलं तर थट्टा करू नका. आडोसा शोधा, ओले कपडे काढून कोरडे चढवा, गरम आणि गोड काहीतरी पाजा.

तेव्हा जॅकेट हवंच. फक्त त्याच्याकडून काय मागायचं हे नीट ठरवा. दुकानात सांगतात, "सर, हे ब्रीदेबल आहे, घाम बाहेर जातो." हे कापड चालतं आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या वाफेच्या फरकावर. आत दमट, बाहेर थंड आणि कोरडं असेल तर घामाची वाफ बाहेर पडते. इथल्या जुलैत बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते, गरमही असते; वाफेने जायचं कुठे? हिमालयात ज्या जॅकेटचं कौतुक ऐकता, तेच भीमाशंकरच्या शिडी घाटात घामाने आतून चिंब होतं. त्यामुळे महागड्या ब्रीदेबल कापडापेक्षा हवा खेळायची सोय बघा. काखेत चेन असलेलं जॅकेट घ्या. पुढची चेन खालून-वरून दोन्हीकडून उघडत असेल तर आणखी चांगलं. चढताना काखा उघड्या, माथ्यावर बंद.

आता टिकाऊपणा. वजनाच्या मागे लागून लोक दीडशे-दोनशे ग्रॅमचं झिरझिरीत जॅकेट आणतात. ते सायकलवर किंवा पळायला ठीक. दहा-बारा किलोच्या सॅकचे पट्टे खांद्यावर घासतात, कमरपट्टा कंबरेवर घासतो आणि कापडाचा पाणी अडवणारा लेप सगळ्यात आधी तिथेच झिजतो. शिवाय इथल्या वाटांवर करवंदीच्या जाळ्या आहेत, त्यांचा काटा पातळ कापड सरळ फाडतो. कापडाच्या धाग्याची जाडी डेनियर या मापात लिहिलेली असते: वीस-तीसचं हलकं, चाळीस ते सत्तरचं घासणीला पुरून उरतं. नायलॉन पॉलिएस्टरपेक्षा घासणं जास्त सोसतं. पॉलिएस्टर पाणी कमी पितं. माझं मत: खांद्यावर जाड कापडाचं, रिपस्टॉप विणीचं (मध्ये मध्ये जाड धागे, म्हणजे फाटलं तरी चीर पसरत नाही), तीनशे ते चारशे ग्रॅमचं जॅकेट घ्या. शंभर ग्रॅम वाचवायचे असतील तर सॅकमधली दुसरी जीन्स काढा.

पाणी किती अडवतं हे मिलिमीटरमध्ये देतात. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला की ते झिरपतं, याचं हे माप. १०,०००च्या पुढचं घ्या, कारण पट्ट्याखाली दाब पडतो तिथे कमी आकड्याचं कापड हरतं. पण आकड्यावर भाळू नका. पाणी बहुतेक वेळा शिवणीतून, चेनमधून आणि गळ्यातून येतं. जॅकेट उलटं करा: प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी हवी. "मुख्य शिवणींवर पट्टी आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. चेनवर कापडाची झडप असलेली बरी, रबरी लेपाची उघडी चेन वापरून वापरून लेप सोडते. टोपीला पुढे कडक टोक आणि मागे आवळायची दोरी हवी. मान वळवली की टोपीही वळली पाहिजे, नाहीतर निसरड्या कड्यावर बाजूचं दिसणार नाही. बाह्या मनगटावर बंद व्हायला हव्यात. लांबी ढुंगणाखाली पोचेल इतकी. रंग भगवा, पिवळा, लाल. धुक्यात काळ्या जॅकेटातला माणूस दहा पावलांवरही सापडत नाही.

दुकानात जाताना स्वतःची सॅक भरून न्या, जॅकेटवर ती चढवा, दोन्ही हात वर करा, खिसे उघडून बघा. कमरपट्ट्याखाली दबणारे खिसे निरुपयोगी. किंमत दोन हजारांपासून वीस हजारांच्या पुढेपर्यंत आहे. पहिल्या पावसाळ्यासाठी तीन-चार हजारांत चांगलं काम होतं. दादर स्टेशनबाहेरचा फुटपाथवरचा विंडचिटर ऑफिसला जायला घ्या, डोंगराला नको. आमच्या भागातली पोरं दोनच गोष्टी करतात: एक तर तो तीनशेचा विंडचिटर घेऊन हरिश्चंद्रगड गाठतात, नाहीतर रूमवरच्या सगळ्यांनी घेतलं म्हणून तेच सगळ्यात महाग जॅकेट उचलतात. एकमेकांचं बघून खरेदी करू नका.

आणि आता जे सांगण्यासाठी हे सगळं लिहितोय ते. ओलं जॅकेट कधीही, कधीही गुंडाळून ठेवू नका. नांदेडच्या एका मुलाने साडेअकरा हजारांचं जॅकेट घेतलं. पावसाळा संपता संपता शेवटचा ट्रेक केला, ओल्या जॅकेटचं बोळं करून प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि कॉटखाली सरकवलं. पुढच्या जूनमध्ये पिशवी उघडली तर आंबूस वास, आतला लेप चिकट झालेला, पापुद्रे हाताला येत होते, शिवणींवरच्या पट्ट्या लोंबत होत्या. दुकानदार म्हणाला, हमीत बसत नाही. बहुतेक जॅकेटांचा आतला लेप पॉलियुरेथेनचा असतो. उष्णता आणि ओल एकत्र आली की पाणीच हळूहळू त्याची रासायनिक जोडणी तोडतं. हे न वापरताही होतं, आणि मुंबईच्या खोलीत उष्णता व ओल दोन्ही बारा महिने आहेत. आपल्या गावाकडे माळ्यावर टाकलेली वस्तू उन्हाळ्यात आपोआप खडखडीत वाळते. इथे तसं होत नाही.

म्हणून सॅक उघडल्यावर आधी जॅकेट बाहेर काढा, अंघोळ नंतर. गोड्या पाण्याने चिखल आणि घाम काढा, हँगरवर लावा, सगळ्या चेनी उघड्या ठेवा आणि रात्रभर पंख्याखाली टांगा. बाहेरून वाळलं की उलटं करून पुन्हा टांगा. कॉट बेसिसवर राहत असाल, पंखा एकच असेल, तर रूमवाल्यांशी आधीच बोलून घ्या. रविवारची रात्र ट्रेकवाल्याची. ऑक्टोबरनंतर घडी न घालता कपाटात टांगून ठेवा आणि महिन्यातून एकदा खिडकीत, सावलीत वारा द्या. सेलमध्ये जुना माल घेतानाही आतून हात फिरवा: चिकट लागलं किंवा वास आला तर नव्वद टक्के सूट असली तरी ठेवून द्या.

एक-दोन पावसाळ्यांनंतर बाहेरच्या कापडावर पाण्याचे मोती ठरत नाहीत, कापड भिजून काळपट होतं. लोक म्हणतात गळायला लागलं. बहुतेकदा गळत नसतं, वरचा पाणी झटकणारा थर मळाने दबलेला असतो. सौम्य साबणाने धुवा, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, आणि लेबलवर परवानगी असेल तर वर सुती कापड ठेवून मंद इस्त्री फिरवा. तरी मोती आले नाहीत तर त्यासाठीचा स्प्रे मिळतो. फाटलं तर टेलरकडे देऊ नका, सुईचं प्रत्येक भोक म्हणजे नवी गळती. आतून चिकटपट्टीचं ठिगळ लावा.

सॅकचं रेनकव्हर वाऱ्यात उडतं. सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून त्यात झोपायचे कपडे ठेवा, आणि कितीही मोह झाला तरी ते मुक्कामाला पोचेपर्यंत बाहेर काढू नका.