रिकाम्या भूखंडाची माती आणि भूजल कसे तपासावे

पुणे किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये वर्षानुवर्षे मोकळा पडलेला भूखंड बांधकामासाठी घेताना पायाला खडक किती खोलीवर लागतो हे सगळेच पाहतात. त्या मातीत आणि तिच्याखालच्या पाण्यात काय मुरले आहे, हे मात्र क्वचितच तपासले जाते. ही तपासणी यंत्र आणून सुरू करू नये. आधी कागद काढावेत. सातबारा, फेरफार आणि मालमत्ता पत्रक यांवरून मालकी व नोंदलेला वापर कळतो, तर भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे आणि गूगल अर्थवरील मागील वर्षांची चित्रे पाहिल्यावर बुजवलेली विहीर, वळवलेला ओढा किंवा खाणीचा खड्डा सापडू शकतो. कागदावर ‘पड’ असलेल्या जमिनीवर प्रत्यक्षात दहा वर्षे भंगाराचा धंदा चाललेला असू शकतो, म्हणून शेजारच्या जुन्या रहिवाशांना विचारणे टाळू नये.

त्यानंतर भूखंड पायी फिरावा. गवत न उगवणारे पट्टे, तेलकट डाग आणि चढाच्या बाजूचे गॅरेज, पेट्रोल पंप किंवा धातूला मुलामा देणारा कारखाना, हे सर्व नकाशावर मांडावे. नमुन्यांच्या जागा यावरूनच ठरतात. केवळ चौकटी आखून समान अंतरावर घेतलेले नमुने नेमका डाग चुकवू शकतात.

मातीसाठी जेसीबीने दोन-तीन मीटरचे चाचणी खड्डे घेणे सोयीचे पडते, कारण खड्ड्याच्या भिंतीत थर उघडे दिसतात: वर विटांचे तुकडे, काचा आणि प्लास्टिक मिसळलेला राडारोड्याचा भराव, त्याखाली काळी माती आणि मग मुरूम. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या पावसात वरचे पाणी त्या भेगांतून थेट खाली जाते, त्यामुळे केवळ पृष्ठभागाचा नमुना फसवा ठरतो. एक नमुना भरावातून, एक त्याच्या लगेच खालच्या मूळ मातीतून आणि एक खडकाच्या वरच्या मुरमातून घ्यावा. खोल खड्ड्यात माणूस उतरवू नये. बकेटमध्ये आलेल्या मातीच्या मधल्या भागातून, प्रत्येक वेळी हातमोजे बदलून आणि धुतलेल्या चमच्याने नमुना काढावा. पेट्रोल किंवा सॉल्व्हंटची शंका असेल तर माती कालवू नये, कारण कालवताना तपासायचे तेच उडून जाते.

दख्खनच्या बेसॉल्टपासून झालेल्या मातीत क्रोमियम, निकेल आणि तांबे मुळातच जास्त असतात. परदेशी मर्यादांशी थेट तुलना केल्यास स्वच्छ जमीनही दूषित ठरते, म्हणून जवळच्या अबाधित जागेतील त्याच प्रकारच्या मातीचा नमुना तुलनेसाठी घ्यावाच.

भूजलाचे काम अधिक अवघड आहे. बेसॉल्टमध्ये पाणी झिजलेल्या थरांतून आणि भेगांतून चालते, त्यामुळे एकमेकांपासून वीस मीटरवर असलेल्या दोन बोअरमध्ये वेगळे पाणी लागणे नवलाचे नाही. नेहमीच्या बोअर यंत्रातील दाबाची हवा बाष्पशील (सहज वाफ होणारी) द्रव्ये उडवते आणि कॉम्प्रेसरचे तेल पाण्यात मिसळू शकते; म्हणून तेल गाळणारी व्यवस्था आहे का, हे ठेकेदाराला आधीच विचारावे आणि खोदल्यावर पाणी स्थिरावू द्यावे. वरच्या थराला केसिंग (बोअरमधील आवरण-पाइप) व बेंटोनाइटचे, म्हणजे पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीचे, बूच न देता खोल गेल्यास तपासणीचा बोअरच वरची घाण खाली नेतो. माझ्या मते ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

एका रेषेत नसलेले किमान तीन बोअर घ्यावेत, त्यांच्या पाइपच्या तोंडांची उंची डंपी लेव्हलने (उंचीतला फरक मोजण्याच्या दुर्बिणीने) मोजावी आणि त्यातून तोंडापासून पाण्यापर्यंतची खोली वजा करावी, म्हणजे प्रवाहाची ढोबळ दिशा मिळते. नमुन्याआधी पाइपमधील साचलेले पाणी काढून टाकावे. 50 मिमी व्यासाच्या पाइपमध्ये मीटरमागे सुमारे 2 लिटर पाणी मावते. 4 मीटर पाणी असेल तर 8 लिटर, आणि त्याच्या तिप्पट, म्हणजे 24 लिटर उपसावे. सामू (pH) आणि विद्युतवाहकता स्थिरावल्यावरच बाटली भरावी. विरघळलेल्या धातूंसाठीचे पाणी जागेवरच गाळून नायट्रिक आम्लाने त्याचा सामू 2 च्या खाली आणावा; बाष्पशील द्रव्यांसाठी 40 मिलिची कुपी बुडबुडा न राहता काठोकाठ भरावी. सर्व नमुने बर्फात ठेवून, हस्तांतराच्या (नमुना कोणी कोणाकडे कधी दिला याच्या) नोंदीसह प्रयोगशाळेत द्यावेत. प्रयोगशाळेला एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे एवढे पुरेसे नाही. आपल्याला हव्या त्या घटकासाठी ती आहे का, हे पाहावे.

पाण्याचे निकाल प्रथम आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातील मर्यादांशी ताडावेत: शिसे लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम, नायट्रेट 45 मिलिग्रॅम. दूषित स्थळांसाठी केंद्राने 2025 मध्ये स्वतंत्र नियम अधिसूचित केले आहेत, तेही अहवाल लिहिण्यापूर्वी वाचावेत. पातळी आणि नमुने मे व ऑक्टोबर असे दोनदा घ्यावेत. मे महिन्यात कोरडा राहिलेला भराव पावसाळ्यानंतर पाण्यात बुडालेला असतो, आणि त्यातून काय सुटते ते ऑक्टोबरच्या नमुन्यातच दिसते.